पाइमॉनच्या दुकानात आधी काय घ्यावं?

प्रश्न : दोन महिन्यांपासून मोबाइलवर गेन्शिन इम्पॅक्ट खेळतोय. अजून एक पैसा घातलेला नाही. पाइमॉनच्या दुकानात स्टारडस्ट आणि स्टारग्लिटर अशी दोन चलनं माझ्या नावावर साठलीत. एक मित्र म्हणतो बेनेट घे, दुसरा म्हणतो फक्त विश घे, बाकी कशाला हात लावू नकोस. कोणाचं ऐकू? रेझिन संपलं की प्रिमोजेम देऊन भरावं का? महिन्याला थोडे पैसे घालायचेच झाले तर कशावर घालावेत? आणि साठलेल्या प्रिमोजेमचे आत्ताच फेट करून ठेवू का?
– कॉलेजात शिकणारा एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे दोन्ही मित्र बरोबर असू शकतात, कारण ते एकाच दुकानाच्या दोन वेगळ्या फळ्यांबद्दल बोलताहेत. पण ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, अशा वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

शांघायच्या मिहोयो कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी गेन्शिन इम्पॅक्ट बाजारात आणला. खेळ फुकट आहे, नकाशा प्रचंड आहे आणि गोष्टही पूर्ण खेळता येते. पैसा येतो तो पात्रांच्या सोडतीतून. एका सोडतीला, म्हणजे विशला, १६० प्रिमोजेम लागतात. फाइव्ह स्टार पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या विशपर्यंत मात्र एक फाइव्ह स्टार हमखास मिळतं, म्हणजे १४,४०० प्रिमोजेममध्ये. ते तुम्हाला हवं असलेलंच असेल असं नाही. तिथे जवळपास छापा-काटाच असतो. २०२४ मध्ये ५.० आवृत्तीत कंपनीने तो खेळाडूच्या बाजूने थोडा झुकवला, एवढंच. छापा हुकला तर पुढचं फाइव्ह स्टार नक्की हवं तेच. म्हणजे नशीब पूर्ण रुसलं तर १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. आणि रोजची चार कामं उरकली की हातात पडतात ६०. नुसत्या त्यांवर राहिलात तर १४,४०० जमायला २४० दिवस लागतील. गोष्टीतले टप्पे, नकाशावरच्या पेट्या, इव्हेंट यांतून बरीच भर पडते, तरी चणचण संपत नाही. फुकट खेळणाऱ्याने दुकानाचा हिशेब ठेवायचा तो यासाठी.

दुकानात उभं राहिल्यावर बहुतेक जण पाहतात की आत्ता कशाची गरज आहे. नव्या खेळाडूला गरज सगळ्याचीच असते: मोरा (खेळातली नाणी) कमी, पुस्तकं कमी, शस्त्र घासायला खनिज कमी. म्हणून तो मोरा घेतो आणि फसतो. खरा प्रश्न असा विचारावा : ही वस्तू मला नुसतं खेळून, उद्या-परवा मिळणार आहे का? मोरा मिळतो, पुस्तकं मिळतात, खनिज तर डोंगरात पडलेलं आहे. ज्याची भरपाई वेळ करून देतो त्यावर दुर्मीळ चलन घालवायचं नाही.

आता स्टारडस्ट. प्रत्येक विशमध्ये जे थ्री स्टार शस्त्र निघतं, त्याच्यासोबत १५ स्टारडस्ट मिळतं. दुकानात त्याच्या बदल्यात दर महिन्याला पाच इंटरट्वाइन्ड फेट आणि पाच अक्वेंट फेट मिळतात, ७५ ला एक. इंटरट्वाइन्ड फेट म्हणजे मर्यादित काळाच्या पात्रांची एक विश. अक्वेंट फेट नेहमीच्या, न बदलणाऱ्या सोडतीची. एक तारखेला हा कोटा पुन्हा भरतो आणि मागच्या महिन्याचा उरलेला पुढे येत नाही. रेशनसारखंच, त्या महिन्याचं उचललं नाही तर गेलं. वर्षभर न चुकता फक्त पाच-पाच इंटरट्वाइन्ड उचलले तर ६० विश होतात. प्रिमोजेममध्ये त्यांची किंमत ९,६००, हमखास फाइव्ह स्टारच्या दोन तृतीयांश. दुकानातली दुसरी कुठलीही वस्तू इतकं देत नाही.

इथे एक गोम आहे आणि नवे खेळाडू नेमके तिथेच अडकतात. स्टारडस्ट येतं ते विश केल्यावरच. कोटा मात्र दर महिन्याला उघडतो, तुम्ही विश करा किंवा न करा. नीट खेळणारा माणूस तर महिनोन्‌महिने विश करतच नाही, तो हव्या त्या पात्रासाठी साठवत बसतो. त्या कोरड्या महिन्यांत पाच फेट घ्यायला ३७५ स्टारडस्ट कुठून येणार? आधी साठवलेलं असेल तरच. नव्वद विश केल्या की सरासरीने साधारण साडेअकराशे स्टारडस्ट हाती येतं. तेवढ्यात तीन महिन्यांचे इंटरट्वाइन्ड निघतात. ते स्टारडस्ट मोऱ्यावर उधळलं तर पुढचे तीन महिने दुकान उघडं असून तुमच्यासाठी बंद. म्हणून शिल्लक कितीही दिसली तरी पुढच्या तीन-चार महिन्यांच्या इंटरट्वाइन्डची रक्कम बाजूला आहे का, हे आधी पाहा. ती असेल तर अक्वेंट घ्या. नसेल तर अक्वेंट सोडून द्या. पात्रांना वर चढवताना, मोफत बॅटल पासमधून, अशा इतर वाटांनी अक्वेंट येतच राहतात. बाकी सामान त्याच्याही नंतर, आणि माझ्या मते जवळजवळ कधीच नाही.

स्टारग्लिटरचा स्वभाव वेगळा. फोर स्टार शस्त्र निघालं किंवा आधीच असलेलं फोर स्टार पात्र पुन्हा निघालं की दोन मिळतात. फाइव्ह स्टारच्या बाबतीत दहा. नवं कोरं पात्र निघालं तर काहीच नाही. म्हणून सुरुवातीला स्टारग्लिटर फार हळू साठतं आणि जुन्या खेळाडूंकडे ते भराभर येतं. पाचाला एक फेट असा भाव आहे आणि इथे महिन्याची मर्यादा नाही. शेजारच्याच फळीवर दर महिन्याला दोन फोर स्टार पात्रं ३४ ला आणि काही फोर स्टार शस्त्रं २४ ला ठेवलेली असतात.

शस्त्रांचं चटकन संपवतो : घेऊ नका. रॉयल आणि ब्लॅकक्लिफ या दोन मालिका तिथे आलटून पालटून दिसतात. एका प्रतीला जवळपास पाच विशचं मोल जातं आणि शस्त्र पूर्ण सुधारायला पाच प्रती लागतात, म्हणजे १२० स्टारग्लिटर. लोहाराकडे फुकट घडवता येणारी फोर स्टार शस्त्रं सुरुवातीच्या संघाला पुरतात.

पात्रांवर मात्र थांबून विचार करायला हवा. ३४ स्टारग्लिटर म्हणजे सहा विश आणि वर चार शिल्लक. सहा विशमध्ये फाइव्ह स्टार निघण्याची शक्यता नगण्य. फोर स्टार निघालंच तर ते कोणतं असेल हेही हाती नाही. दुकानातलं पात्र मात्र नावासकट समोर उभं असतं. बेनेट नसेल तर बेनेट घ्या असं तुमचा पहिला मित्र म्हणतो, ते मला पटतं. तो बरं करतो, हल्ल्याचं बळ वाढवतो आणि जवळपास कुठल्याही संघात बसतो. फाइव्ह स्टार पात्रं येतात-जातात, पण बेनेटची जागा खेळाच्या पहिल्या वर्षापासून आजवर टिकून आहे. शिंगच्यू आणि शिआंगलिंग यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल. पण शिआंगलिंगसाठी दुकानात पैसे मोडायची गरज नाही, स्पायरल अबिसचा तिसरा मजला ओलांडला की ती फुकट मिळते.

पण हे तर्कशास्त्र पहिल्या प्रतीपुरतंच. बेनेट असेल तर दुसरी प्रत, तिसरी प्रत असं करत बसू नका. पहिलं कॉन्स्टेलेशन, म्हणजे दुसऱ्या प्रतीने उघडणारा जादा गुण, खरंच उपयोगी आहे, कारण तब्येत चांगली असतानाही बळ मिळू लागतं. सहाव्याबद्दल तर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली, कारण ते तलवार, क्लेमोर आणि भाला वापरणाऱ्यांच्या साध्या हल्ल्याला आग लावतं, मग तुमच्या संघाला ती नको असली तरी. एकदा उघडलं की बंद करता येत नाही. कित्येकांनी प्रत हातात असूनही ते दाबलं नाही.

थोडक्यात, तुमच्याकडे कोणता आधारस्तंभ नाही हे पाहा. तो या महिन्याच्या फळीवर असेल तर ३४ द्या. नसेल तर स्टारग्लिटर तसंच राहू द्या. फेटला महिन्याची मर्यादा नसल्यामुळे घाई करण्याचं कारणच नाही. उद्याही तोच भाव असणार आहे, पुढच्या वर्षीही. हव्या त्या पात्राची सोडत लागेल आणि दहा विश कमी पडतील, त्या दिवशी मोडा.

रेझिनचा प्रश्न अनेकांचा आहे. बॉस, डोमेन, ले लाइन यांतून बक्षीस उचलायला रेझिन लागतं आणि ते आठ मिनिटांना एक या गतीने भरतं. कमाल साठा आधी १६० होता, २०२४ च्या ४.७ आवृत्तीत तो २०० झाला. दिवसातल्या पहिल्या भरण्याला ५० प्रिमोजेम लागतात आणि ६० रेझिन मिळतं. ५० म्हणजे एका विशच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे मोह होतो. पण ६० रेझिन आपोआप भरायला किती वेळ लागतो? आठ तास. एक झोप. तुम्ही रात्री झोपणारच आहात, त्यासाठी प्रिमोजेम मोजू नका. महिनाभर रोज एकदा भरलंत तर दीड हजार प्रिमोजेम गेले, नऊ विश. मोठ्या रकमा घालणारे खेळाडू रोज भरतात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण त्यांना प्रिमोजेमची नाही, वेळेची टंचाई असते. तुमचं उलट आहे. सेरेनिटी पॉटमधल्या, म्हणजे खेळातल्या तुमच्या घराच्या, दुकानात आठवड्याला एक तात्पुरतं रेझिन मिळतं, ते घराच्या चलनातून न विसरता घेत जा. त्या चलनाचा दुसरा फारसा उपयोग नाही.

इव्हेंटच्या दुकानांना मात्र वरचा सगळा काटकसरीचा उपदेश लागू नाही. ते दुकान बंद झालं की त्याचं चलनही गेलं, म्हणून तिथे शेवटच्या नाण्यापर्यंत खर्च करा. क्राउन ऑफ इनसाइट असेल तर आधी तो, कारण टॅलेंट दहाव्या पातळीवर नेताना प्रत्येक वेळी एक लागतो आणि तो मिळण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. मोरा सगळ्यात शेवटी. आणि मुदत भारतीय वेळेत तपासा. एशिया सर्व्हरचा दिवस आपल्याकडे रात्री दीड वाजता बदलतो, त्यामुळे ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून निवांत राहिलेल्यांचा पहाटे हिरमोड होतो.

आता पैशांचं. आकडे डॉलरमध्ये देतो. रुपयांतली किंमत तुमच्या स्टोअरवर दिसेल, प्रमाण जवळपास असंच राहतं. वेल्किन मून ४.९९ डॉलरला आहे. त्यात ३०० जेनेसिस क्रिस्टल (एकाचा एक प्रिमोजेम होतो) लगेच आणि ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम, म्हणजे एकूण ३,०००, जवळपास १९ विश. सगळ्यात मोठा क्रिस्टलचा गठ्ठा ९९.९९ डॉलरला. त्यात ६,४८० आणि वर १,६०० बोनस, एकूण ८,०८० क्रिस्टल, म्हणजे ५० विश. वीसपट पैसे देऊन तिप्पटही मिळत नाही आणि नव्वदच्या हमीपर्यंत पोहोचतही नाही. पहिल्या खरेदीला गठ्ठ्याचे मूळ क्रिस्टल दुप्पट होतात, तेव्हाही वेल्किनच्या तुलनेत तो महागच. बॅटल पास ९.९९ डॉलरचा : ६८० प्रिमोजेम, चार इंटरट्वाइन्ड आणि आवडीचं एक शस्त्र. विशच्या हिशेबात तो वेल्किनच्या मागे पडतो. शस्त्राची नड असेल तरच त्याचा विचार करा.

वेल्किन स्वस्त का, तर तो तुम्हाला रोज दारात आणतो. ज्या दिवशी खेळ उघडला नाही त्या दिवसाचे ९० बुडाले. परीक्षेच्या महिन्यात तो घेऊन ठेवणं म्हणजे अभ्यास सोडून लॉग-इन करायची किंवा पैसे वाया घालवायची निवड स्वतःवर लादणं. त्या महिन्यात घेऊच नका.

क्रिस्टल, प्रिमोजेम, फेट, स्टारग्लिटर, स्टारडस्ट असे चलनाचे इतके थर कशाला, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनलाही तो पडला. एका सोडतीला खऱ्या पैशात किती पडतात हे या थरांमुळे कळत नाही आणि शक्यतांबद्दल खेळाडूंची दिशाभूल होते, असा त्यांचा आरोप होता. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलरवर तडजोड केली. सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशी सोडत विकायची नाही आणि खऱ्या पैशातला भाव व शक्यता उघड सांगायच्या, अशा अटी त्यात आहेत. त्या अमेरिकेपुरत्या आहेत. इथे तो हिशेब तुम्हालाच करावा लागेल, आणि तो आकडा मनात असला की बोट ‘विश’वर जाताना थोडं अडखळतं.

शेवटचा प्रश्न, साठलेल्या प्रिमोजेमचे आत्ताच फेट करावेत का. नको. फेट झाला की तो फक्त विशच करू शकतो, आणि एकदा केलेला फेट परत प्रिमोजेम होत नाही. १६० ला एक हा भाव बदलत नाही, मग आत्ता करून काय मिळवणार? सोडत उघडल्यावर, हवं ते पात्र समोर दिसल्यावर, लागतील तेवढेच करा. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्यात दोन वेळा सोडती बदलतात, तेव्हा थांबायला फार लागत नाही.