खेळाच्या भिंतीवर वेल चढवण्याचे काम

आमच्या कापडाच्या धंद्यात वेल काही नवी नाही. साडीच्या काठावर, दुपट्ट्यावर, गालिचाच्या कडेला वेलबुट्टी असतेच. उर्दूत तिलाच बेलबूटे म्हणतात. ठसे मारणारा असो की जरीकाम करणारा, त्याचा हात वेलीला सरावलेला असतो. पण आज आम्ही ज्या वेलीविषयी लिहीत आहोत ती कापडावरची नाही. ती वीतभर उंचीच्या खोट्या भिंतीवर चढते आणि तिचे पान मोहरीच्या दाण्याएवढे असते. वेलबुट्टीची सवय या कामात मदत कमी आणि अडचण जास्त करते. ते कसे, हे पुढे येईलच.

हे काम लागते कोठे, ते आधी सांगतो. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळे मांडतात. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी अशा देशांत मोठी माणसे टेबलावर जवळजवळ हेच करतात. गाव, रान, पडक्या इमारती मांडायच्या, त्यांत धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक उभे करायचे आणि फासे टाकून नियमाने लढाई खेळायची. प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी अशा खेळाच्या नियमांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली काढले होते. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली, आज तिचे मुख्य ठाणे नॉटिंगहॅम येथे आहे आणि तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ साली आला. आता हा पोरखेळ राहिलेला नाही, त्याचा मोठा बाजार आहे. सैनिक कारखान्यातून येतात. भिंती, झुडपे, अवशेष मात्र पुष्कळ खेळाडू स्वतः बनवतात, नाहीतर हाताने बनवणाऱ्याकडून घेतात. कारागिराला जागा आहे ती येथे.

पहिली गोष्ट माप. या खेळात २८ मिलिमीटरचा सैनिक सर्वांत जास्त चालतो. हे माप साधारणपणे तळपायापासून डोळ्यापर्यंत धरतात. ढोबळ मानाने खऱ्या वस्तूचा ५६ वा भाग, असा हिशेब ठेवावा. म्हणजे सहा मीटर उंचीची दुमजली भिंत १०७ मिलिमीटरची होते आणि दोन मीटरचा दरवाजा ३६ मिलिमीटरचा. आता वेल घ्या. युरोपात जुन्या भिंतींवर जी सदाहरित वेल दिसते तिला आयव्ही म्हणतात. तिचे पान खऱ्या मापात ५ ते १० सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या कामात एक ते दोन मिलिमीटर. जुन्या वेलीचे खोड मनगटाहून जाड होते. १२ सेंटिमीटर धरले तर आपल्याकडे दोन मिलिमीटर, म्हणजे साधी सुतळी. एक सेंटिमीटरची कोवळी फांदी ०.२ मिलिमीटरची होते, म्हणजे शिवणाचा दोरा. दुकानातील सुतळी आणि रिळाचा दोरा यांतच अर्धी वेल तयार आहे. नवशिक्याचे काम फसते ते बहुधा मापात. पान नखाएवढे लावले की भिंत बाहुलीच्या घराची वाटते आणि सैनिक तिच्यापुढे मुंगीसारखा.

आता वेलबुट्टीची अडचण. कापडावरची वेल ठराविक अंतराने परत येते. डावीकडे पान, उजवीकडे पान, मध्ये फूल, पुन्हा तेच. ठसा सरकला तर आम्ही माल नापास करतो. भिंतीवरच्या वेलीत हीच शिस्त खोटेपणा उघड करते. ती वेल काढायची नसून वाढवायची आहे. ती जमिनीतून येते, म्हणून बुंध्याशी जाड, वर जाताना तीन-चार फाट्यांत फुटलेली आणि टोकाला दोऱ्यासारखी. आयव्ही आपल्या खोडातून फुटणाऱ्या बारीक मुळ्यांनी भिंतीला चिकटते, म्हणून फांदी भिंतीला टेकलेली हवी, हवेत लोंबणारी नको. कोपरा, दगडांतील भेग, पावसाच्या पाण्याचा नळ येथे ती दाट होते. माणसे राहत असलेल्या घराच्या दार-खिडक्यांभोवती ती छाटलेली असते, ओसाड घरात ती खिडकीतून आत शिरते. जागा कोठे मोकळी सोडायची हे ज्याला कळले त्याला वेल कळली, असे आमचे मत आहे. नवा माणूस सगळी भिंत झाकून टाकतो आणि मग गिऱ्हाईक विचारते, भिंत केली कशाला?

काळाचाही विचार करावा. आयव्ही भिंत झाकायला वर्षानुवर्षे घेते. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड-वेल्समधील मठ बंद केले आणि त्यांचे अवशेष पुढे शतकानुशतके वेलींनी भरून गेले. वेल्समधील टिंटर्न मठाची टर्नर या चित्रकाराने १७९० च्या दशकात काढलेली चित्रे मिळाली तर जरूर पाहावीत. पडक्या कमानीवर वेल कशी बसते याचा तो उत्तम नमुना आहे. याउलट १९४४ च्या उन्हाळ्यातील नॉर्मंडीच्या लढाईतले घर असेल तर भिंत कालच तोफेने पडली आहे. तेथे जुनी वेल फाटलेली आणि धुळीने माखलेली दाखवावी. ढिगाऱ्यातून नवी वेल निघालेली दाखवली तर जाणकार खेळाडू हसेल. आणि १९४२-४३ च्या हिवाळ्यातील स्टालिनग्राड मागितले असेल तर हिरवी वेल नकोच.

आता प्रत्यक्ष काम. तागाची सुतळी घेऊन तिचा पीळ अर्ध्यापर्यंत उकलावा. खालचा पिळलेला भाग खोड, वर सुटलेले पदर फांद्या. सुतळीवर तंतू फार उभे राहतात. गिरणीत कोरे कापड ज्वालेवरून नेऊन वरचे तंतू जाळतात, ज्याला सिंजिंग म्हणतात, तेच येथे मेणबत्तीवर करावे. सुतळी कोरडी असताना, झटकन आणि जवळ पाण्याची वाटी ठेवून. मग ती पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून, बोटांनी निपटून, भिंतीवर हवी तशी वळवावी. वाळली की कडक होते. टोकांना शिवणाचा दोरा जोडावा. काही कारागीर विजेच्या तारेतील तांब्याचे केस पिळून खोड करतात. ते हवे तसे वाकते, पण त्यावर रंग नीट धरत नाही आणि हाताळणीत तांबे चमकते. आमची पसंती सुतळीला. खोडाला तपकिरीपेक्षा राखाडी रंग द्यावा. जुन्या वेलीचे लाकूड चॉकलेटी नसते.

पानांचे तीन-चार मार्ग आहेत. परदेशात बर्च झाडाचा वाळलेला तुरा चुरतात. त्यातून बियांबरोबर तीन टोकांचे खवले पडतात आणि ते हुबेहूब पानासारखे दिसतात. ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत ते हिमालयातील भूर्ज याच जातकुळीचे. पण हे खवले तीन-चार मिलिमीटरचे, म्हणजे आयव्हीच्या हिशेबाने दुप्पट मोठे. दुसरा मार्ग कागदाचा. स्पेनच्या ग्रीन स्टफ वर्ल्डसारख्या कंपन्या बारीक पाने कापणारे हातठसे विकतात. कागद आधी दोन्ही बाजूंनी रंगवून वाळवावा आणि मग कापावा, नाहीतर पाठीमागचा पांढरा रंग डोकावतो. तिसरा मार्ग स्पंजाचा आणि धंद्याच्या दृष्टीने हाच खरा. गादीच्या फोमचे तुकडे पाणी घालून जुन्या मिक्सरमध्ये दळावेत (तो मिक्सर पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये), पिळून अॅक्रिलिक रंगात कालवावेत, वर्तमानपत्रावर वाळवून चाळणीतून काढावेत. गर्द हिरवा, मध्यम आणि पोपटी असे तीन घाणे करावेत. येथे रंगरेज बांधवांना एक सूचना. कापडाचा पाण्यात विरघळणारा रंग या कामात वापरू नये. स्पंजावर तो पक्का होत नाही आणि वरून पातळ गोंद पडला की सुटून भिंतीवर ओघळतो.

आम्ही सुचवू की नऊ हिस्से स्पंजाचा चुरा आणि एक हिस्सा कागदी पाने घ्यावीत. दाटपणा चुऱ्याने येतो आणि समोरची दहा-वीस खरी पाने पाहिली की डोळा बाकीची आपोआप पाने समजतो. लावताना खालून वर जावे, कौले चढवतात तशी वरच्या पानाची कड खालच्यावर यावी. आत गर्द, बाहेर मध्यम, पोपटी फक्त टोकांना. फांदीवर दाट फेव्हिकॉल लावून पाने बसवावीत. सगळे वाळल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी यांत भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडावे. साबणाने पाणी चुऱ्यावर न थबकता आत शिरते.

ही वस्तू कपाटात ठेवायची नाही, ती खेळली जाते. खेळाडूचे हात रोज लागणार. म्हणून वेल भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटरहून जास्त पुढे येऊ नये, कारण सैनिकाची २५ किंवा ३२ मिलिमीटरची गोल बैठक भिंतीला टेकली पाहिजे. खिडक्या मोकळ्या हव्यात. कोणाला कोण दिसतो यावर गोळीबाराचा नियम चालतो आणि पानांनी झाकलेल्या खिडकीवरून दोन मित्रांत भांडण लागते. माल देण्यापूर्वी भिंत उलटी करून ठोकावी आणि अंगठा फिरवावा. जे गळायचे ते आपल्याकडेच गळू द्यावे. शेवटी चमक नसलेल्या वार्निशचा फवारा द्यावा. मात्र मुंबई-कोकणात पावसाळ्याच्या दमट दिवसांत हा फवारा पांढरा पडतो, तेव्हा कोरडा दिवस पाहावा. भिंत थर्माकोलची असेल तर फवाऱ्यातील द्रावण ती खाऊन टाकते. आधी फेव्हिकॉलचा पूर्ण थर हवा.

विक्रीसंबंधी दोन शब्द. तयार भिंत परदेशी पाठवणे महाग आणि धोक्याचे, ती वाटेत मोडते. वेल मात्र भिंतीवाचून करता येते. जाड प्लास्टिकच्या कागदावर खोड-फांद्या मांडून, पाने लावून वाळू द्यावे. फेव्हिकॉल प्लास्टिकला धरत नाही, वेल पट्टीसारखी सुटून येते आणि गिऱ्हाईक ती स्वतःच्या भिंतीवर चिकटवते. दहा पट्ट्या एका चपट्या डबीत बसतात. डबीवर ‘२८ मिलिमीटरसाठी’ एवढेच लिहावे. वॉरहॅमर हे नोंदलेले व्यापारी नाव आहे, ते आपल्या मालाचे नाव म्हणून छापल्यास कायद्याची नोटीस येऊ शकते. वाळलेल्या बिया आणि पाने परदेशी धाडताना वनस्पती-तपासणीच्या दाखल्याचा प्रश्न निघतो, म्हणून निर्यातीचा माल कागद आणि स्पंजाचाच ठेवावा. तागाच्या सुतळीबद्दलही माल पाठवणाऱ्या एजंटाला आधी विचारावे, किंवा तिच्या जागी सुती दोरा पिळून घ्यावा.

किंमत ठरवताना सुतळी आणि फोम यांचा हिशेब करत बसू नये, तो नाममात्रच निघतो. पहिल्या दहा पट्ट्या घड्याळ लावून कराव्यात, वाळण्याचा वेळ वगळून हात किती वेळ अडकले ते लिहावे आणि त्यावर मजुरी धरावी. दहाव्या पट्टीला पहिलीपेक्षा निम्मा वेळ लागला तर भाव दहावीच्या वेळेवर काढावा. पण दहाही पट्ट्या एकसारख्या दिसू लागल्या, तर वेलबुट्टी परत आली असे समजून त्या विक्रीतून बाजूला काढाव्यात.