खटला चालू असताना पोटगी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण कधी कधी ती चढावीच लागते. नवरा-बायकोचे पटेनासे होते. चार पंच समजावून थकतात. मग दोघांपैकी एकजण घटस्फोटाचा दावा लावतो.

दाव्याचा निकाल लवकर लागत नाही. पेशीवर पेशी पडते. धान कापून होते, तेंदूपत्त्याचा हंगाम येऊन जातो, तरी खटला चालूच. तोवर माहेरी आलेल्या बाईनं खायचं काय? पोरांच्या वह्या कोणी घ्यायच्या? पेशीला जायचं तर एस.टी.चं भाडं कुठून आणायचं?

कायद्याने या अडचणीचा विचार केला आहे. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. बौद्ध, जैन आणि शीख बांधवांनाही तो लागू आहे. त्याचे २४ वे कलम असे सांगते : खटला चालू असेपर्यंत ज्याला स्वतःची पुरेशी मिळकत नाही, त्याने त्याच कोर्टात अर्ज करावा. कोर्ट दोघांची मिळकत पाहते. मग दोन गोष्टी देववते. एक, दर महिन्याला पोटापुरती रक्कम. दुसरी, खटल्याचा खर्च. हिला अंतरिम पोटगी म्हणतात. अंतरिम म्हणजे मधल्या काळापुरती. कायमच्या पोटगीचा विचार पुढे वेगळा होतो. मुलांच्या खर्चासाठीही या कायद्यात निराळे कलम आहे.

दावा नवऱ्याने लावलेला असो की बायकोने, हा अर्ज करता येतो. बायको कमावती आणि नवरा बिनमिळकतीचा असेल, तर नवराही तो करू शकतो.

हा अर्ज किती दिवसांत निकालात निघावा? समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून होता होईल तो ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. पण प्रत्यक्षात काय घडते? आपल्या जवळच्या नागपूरची हकिकत ऐका.

तिथे एका बाईने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी २०१३ साली कुटुंब न्यायालयात पोटगीचा अर्ज केला. २०१५ साली कोर्टाने अंतरिम पोटगीचा हुकूम दिला. बाईला महिना १५,००० रुपये. मुलाला आधी महिना ५,००० आणि पुढे १०,००० रुपये. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. २०१८ साली तिथे त्याचे म्हणणे फेटाळले गेले. मग तो दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला आणि हुकूम कायम केला. मधल्या काळाच्या पोटगीसाठी सात वर्षे गेली!

असे पुन्हा होऊ नये म्हणून त्या न्यायमूर्तींनी देशातल्या सगळ्या कोर्टांना नियम घालून दिले. दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर लिहून द्यावे. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकालात काढावा. आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजावी. म्हणजे अर्जाला जितका उशीर, तितके महिने आपणच सोडले!

“माझ्यापाशी काही नाही,” असे नुसते म्हणून धडधाकट नवऱ्याची सुटका होत नाही. बाई थोडेफार कमावते, एवढ्यावरून तिचा हक्कही बुडत नाही.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाची गोष्ट. गोंड, माडिया, परधान, कोलाम हे आपले बांधव अनुसूचित जमातीत मोडतात. केंद्र सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. मग आदिवासी बहिणीने काय करावे? तिच्यासाठी दुसरी वाट आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले. हे कलम जात पाहत नाही, धर्म पाहत नाही. घटस्फोटाचा दावा नसला तरी चालते. बाई जिथे राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मधल्या काळाची पोटगीही मागता येते. नागपूरच्या बाईचा अर्ज याच कलमाखाली होता. या कलमाखाली ठरलेली रक्कम थकली, तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. उशीर केला तर ते पैसे हातचे जातात.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी मिळकतीची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. भामरागड-सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे दिवस मोडतो. म्हणून आधी फोनवर चौकशी केलेली बरी.

जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याच्या शेताचा सातबारा किंवा पगाराचा कागद यांतले जे हाती लागेल ते न्या. घरखर्चाचा हिशेब स्वतः लिहून काढा. आता तुम्हाला लिहिता येते. हिशेब खरा लिहा. वाढवून लिहिले तर उलटतपासणीत उघडे पडते. कोऱ्या कागदावर सही करू नका. अर्ज वाचा, समजला नाही तर विचारा, आणि मगच सही करा.

संसार टिकला तर आम्हाला आनंदच आहे. पण भांडण कोर्टात गेलेच, तर निकालापर्यंत कोणी उपाशी राहू नये, हे कायद्यालाही वाटते.

आता एकमेकांना विचारा :
१. अंतरिम पोटगी म्हणजे काय?
२. पोटगी कोणत्या तारखेपासून मोजतात?
३. आदिवासी बहिणीने कोणत्या कलमाखाली अर्ज करावा?
४. आपल्या गावात हे कोणाला सांगायला हवे?