आईसोबत सावंतवाडी

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी पाहायची तिची फार इच्छा आहे. एका दिवसात झेपेल का?

उत्तर : झेपेल, जरूर न्या. फक्त दिवस त्यांच्या चालीने आखा. ऊन चढण्याआधी राजवाडा गाठा. तिथे कारागीर गोल पत्त्यांवर बारीक कुंचल्याने रंग भरताना दिसतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. आईंसाठी खुर्ची मागून घ्या आणि घाई करू नका. मत्स्य, कूर्म, वराह ओळखता ओळखता त्यांच्याच तोंडून गोष्टी निघतील. त्या ऐकणं हाच मला या सहलीचा गाभा वाटतो. मग लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत रिक्षा थेट दुकानाच्या दारापर्यंत न्या. लाकडी केळी, आंबे हातात घेऊन पाहू द्या. नजर अधू असली तरी बोटांना कळतं. जेवणानंतर तासभर आडवं होऊ द्या. पिंगुळी गावची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, त्याच दिवशी कोंबू नका. आणि पोचल्या पोचल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा. संकोचापोटी कित्येक आजी दिवसभर पाणीच पीत नाहीत.