परसबागेची खरेदी

मृगाच्या आधी आठवड्याच्या बाजारात बियांच्या पुड्यांचे ढीग लागतात. पुडीवर चित्र असते. लालबुंद टमाटे, हातभर लांब दोडका. चित्र पाहून माणूस भुलतो.

आमच्या रात्रीच्या वर्गातील एक बाई अशाच बाजारात गेल्या होत्या. त्यांनी भेंडीची पुडी हातात घेतली. चित्र पाहिले. मग पुडी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत तारीख होती. त्यांनी एकेक अंक जुळवून ती वाचली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, हिची मुदत तर मार्चातच सरली की!" दुकानदाराने निमूटपणे दुसरी पुडी काढून दिली. पुडीचे पैसे थोडेच होते. पण बी उगवले नसते तर पंधरा दिवस वाफ्याकडे पाहत बसावे लागले असते, आणि पेरणीचे दिवस निघून गेले असते.

तेव्हा परसात काय लावावे, याबरोबरच काय विकत आणावे आणि ते कसे पारखावे, हे आज पाहू.

बाजारात जाण्याआधी आपले परस पाहावे. ऊन कोठे पडते? सावली कोठे असते? न्हाणीचे पाणी कोठे जाते? वांगी, मिरची, भेंडी यांना दिवसभराचे ऊन हवे. झाडाखालच्या सावलीत हळद, आले होते. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावावे. आणि जे शेजारी फुकट मिळते ते विकत आणू नये. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की फुटते. कढीपत्त्याच्या झाडाभोवती मुळांतून पिले फुटलेली असतात. अळूचा कांदा कोणीही देईल. मागायला लाजू नये.

आता बियाणे. आपल्याकडे १९६६ सालचा बियाणे कायदा आहे. बियाण्याच्या पुडीवर वाणाचे नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती छापलेली असते. उगवणशक्ती म्हणजे शंभर बियांतून किती उगवतील तो आकडा. भेंडीला तो कमीत कमी ६५ असावा लागतो, मिरचीला ६०. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. बरेच वेळा ही अक्षरे इंग्रजी असतात. मग शाळेत जाणाऱ्या नातवंडाला बरोबर न्यावे. त्यात कमीपणा नाही.

पुडी घरी आणल्यावरही परीक्षा घेता येते. भेंडीच्या वीस बिया मोजून घ्या. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा. गोणपाट वाळू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी उघडून मोजा. तेरा बियांना मोड आले तर शंभरी ६५ झाले. सातआठच आले तर ते बी वाफ्यात घालण्यात अर्थ नाही. पुडीचे पाकीट, पावती आणि चिमूटभर बी जपून ठेवावे. तक्रार करायची झाली तर हाच पुरावा. पावती मागितली की काही दुकानदार तोंड वाकडे करतात. करू द्यावे.

काही बियांना लाल किंवा गुलाबी रंग चोळलेला असतो. ते औषध असते. ते बी खाऊ नये, कोंबड्यांपुढे टाकू नये. पेरून झाल्यावर हात साबणाने धुवावे.

रोपांची गोष्ट वेगळी. येथे आम्ही स्वतः फसलो आहोत. शाळेत छत्तीस वर्षे मुलांना "नीट पाहा, मग लिहा" असे बजावत आलो. एके दिवशी दारावर एकजण सायकलवर हापूसची कलमे घेऊन आला. बुंध्याला पट्टी गुंडाळलेली, पाने तजेलदार. आम्ही दोन घेतली. पट्टी सोडून पाहिली नाही. सात वर्षे पाणी घातले, काटेरी कुंपण केले. फळे धरली ती आंबटढाण, रेषाळ रायवळ! पट्टीखाली सांधाच नव्हता. विकणाऱ्याने लबाडी केली हे खरे, पण डोळे आम्हांलाही होते. घरची मंडळी अजून लोणच्याच्या वेळी त्याची आठवण काढतात.

म्हणून कलम घेताना सांधा पाहावा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर तो असतो. तेथे तिरपी खूण किंवा गाठ दिसते आणि वरची-खालची साल थोडी निराळी असते. पालवी सांध्याच्या वर फुटलेली असावी. लावताना पिशवी फाडून काढावी आणि सांधा मातीच्या वर ठेवावा. सांध्याखालून फूट आली तर ती लगेच खुडावी, नाही तर मूळचे रायवळ झाड वाढते आणि कलम मरते. सांधा नीट जुळल्यावर पट्टीही सोडावी. राहिली तर ती बुंध्यात रुतते.

खताला फार पैसे घालू नयेत. शेणखत चांगले कुजलेले असले म्हणजे झाले. मूठभर हातात घ्या. काळे, भुसभुशीत असावे, शेणाचा वास येऊ नये, गरम लागू नये. कच्चे शेण घातले की हुमणी येते. दुकानच्या खताच्या पोत्यावर १५:१५:१५ असे आकडे असतात. शंभर किलोत नत्र, स्फुरद आणि पालाश किती, ते त्यातून कळते. युरियात शंभरात ४६ भाग नत्र असते, बाकीची दोन नसतातच. एवढ्याशा परसाला चिमटीने घालायची ती वस्तू. मूठभर टाकली की रोप करपते.

हत्यारांत खुरपे लोहाराकडचे घ्यावे. पाणी घालायला बारीक भोकांची झारी हवी. तांब्याने ओतलेल्या पाण्याने बी उघडे पडते.

आता औषध. येथे मात्र सावकाश वाचा. डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही लक्षात घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विष अंगात भिनून कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. ते शेतात घडले. परस तर चुलीपासून दहा पावलांवर असते. तेथे पोरे खेळतात. लाल-पिवळ्या खुणेचे औषध परसात आणूच नये. माव्याला निंबोळीचा अर्क पुरतो. अर्धा किलो वाळल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्या. सकाळी फडक्याने गाळून, एकंदर दहा लिटर पाणी करून, त्यात थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

शेतीसाठी आणलेले औषध घरात असलेच, तर ते दुसऱ्या बाटलीत ओतू नये. आमच्या गल्लीतील एका घरात सरबताच्या बाटलीत ते ठेवले होते. तहानलेल्या मुलाने बाटली तोंडाला लावली. शेजारणीने हिसकावली, तरी घोटभर पोटात गेलेच. पोर वाचले. मूळ डबा उकिरड्यावर सापडला आणि तो कोणीतरी दवाखान्यात घेऊन धावले. कोणते विष आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना त्यावरून कळले. तेव्हा डबा मूळचाच ठेवा, वरची चिठ्ठी फाडू नका. कुलपात ठेवा, आणि वेळ आलीच तर रोग्याबरोबर तो डबाही दवाखान्यात न्या.