लिंकांची खतावणी



आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आज शेकडो लिंक पडून आहेत. कुणी जी.एस.टी.च्या नव्या दराची बातमी पाठवलेली असते, कुणी सरकारी योजनेची, कुणी यंत्रदुरुस्तीच्या व्हिडिओची. पुढे कामाला येईल म्हणून आपण त्या ठेवून देतो. पण गिऱ्हाईक समोर उभे असते किंवा नोटीस हातात पडते तेव्हा हवी ती लिंक सापडत नाही. सापडली तर उघडत नाही.

आपल्या पुण्यातच पेशवे दफ्तर आहे. कोट्यवधी मोडी कागद तेथे रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ते जपले गेले ही मोठीच गोष्ट. पण गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले, तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती आले. मोबाइलमधला लिंकांचा ढीग म्हणजे न सोडलेला रुमालच होय.

विकी म्हणजे काय?

हा रुमाल सोडण्याचे एक साधन म्हणजे विकी. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. पानावर कधीही भर घालता येते, दुरुस्ती करता येते आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे चटकन जाता येते, हे तिचे वैशिष्ट्य. २००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया सर्व जगासाठी आहे. आपण मात्र केवळ आपल्या दुकानापुरती विकी ठेवू शकतो.

जमाखर्च लिहिणाऱ्याला यात नवीन काही नाही. रोजचा व्यवहार आपण रोजकीर्दीत लिहितो आणि तेथून खतावणीत त्या त्या खात्यावर नेतो. रोजकीर्दीत 'खाते पान' असा रकाना असतो. त्यावरून नोंद कोठे गेली ते कळते. आलेली लिंक ही रोजकीर्द, विकीचे पान हे खाते, आणि पानांना जोडणारा दुवा म्हणजे खाते पान.

नोंद कशी करावी?

समजा, कॅम्पात आपले तयार कपड्यांचे दुकान आहे. 'कपडे – जी.एस.टी.' असे पान उघडा. त्यावर केवळ लिंक चिकटवू नका, मजकूर आपल्या शब्दांत लिहा: '२२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के.' खाली मूळ अधिसूचनेचा क्रमांक, लिंक आणि आपण ती पाहिल्याची तारीख टाका. फिरत आलेल्या निरोपावर विसंबू नका. मूळ सरकारी कागद पाहूनच नोंद करा.

जुनी नोंद खोडू नका. त्याआधी १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के दर होता, तोही तारखेसह राहू द्या. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. मागच्या बिलाबद्दल विचारणा झाली तर जुना दरच कामी येतो.

लिंक कायम टिकत नाही हेही ध्यानात ठेवा. १ जुलै २०२० पासून 'उद्योग आधार'च्या जागी 'उद्यम' नोंदणी आली आणि नोंदणीचे संकेतस्थळही बदलले. ज्याने केवळ जुनी लिंक ठेवली होती, त्याच्या हाती काय राहिले? म्हणून महत्त्वाचे पान पी.डी.एफ. करून जवळ ठेवावे.

कारागिरांनीही असेच करावे. शिंपीकाम करणाऱ्याने 'विश्वकर्मा योजना' हे पान उघडून लिहावे: 'सुरुवात १७ सप्टेंबर २०२३, १८ व्यवसाय, कर्ज आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत, व्याज ५ टक्के.' हे पान 'उद्यम' व 'बँक' या पानांना जोडावे. 'शिलाई यंत्र' या पानावर उस्तादाने सांगितलेली युक्तीही लिहून ठेवावी. ती कोणत्याच संकेतस्थळावर मिळणार नाही.

साधन कोणते?

ऑब्सिडियन व टिडलीविकी ही दोन्ही साधने मोफत आहेत. पहिल्यात प्रत्येक टिपण साध्या मजकुराची फाइल म्हणून आपल्याच मोबाइलमध्ये किंवा संगणकात राहते. दुसऱ्यात सगळी विकी एकाच फाइलमध्ये मावते. पानाचे नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिले की दुवा तयार होतो. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर नक्कल घ्या. पिन, पासवर्ड आणि गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक मात्र यात लिहू नका.

दुकानाची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच मोबाइलमध्ये राहिली, तर तो माणूस आजारी पडताच मुलाला किंवा शागीर्दाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. बापाची खतावणी मुलाला वाचता येते, तशी ही विकीही त्याला वाचता आली पाहिजे.

या आठवड्याचा अभ्यास: मोबाइलमधल्या पाच लिंक निवडा. प्रत्येकीचे एक पान करा, तारीख घाला आणि निदान एका दुसऱ्या पानाशी जोडा. ज्या लिंकेबद्दल दोन ओळीही लिहिता येणार नाहीत, ती खुशाल काढून टाका.