पेटी दोघांनी मोजली

पाठाचे वाचन : २ राजे १२:४–१६, २ करिंथ ८:१६–२१



यरुशलेमातले मंदिर मोडकळीस आले होते. लोकांकडून येणाऱ्या पैशातून डागडुजी करा, असे योआश राजाने याजकांना सांगितले. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी दुरुस्ती झाली नव्हती. याजकांनी पैसा खाल्ला असे शास्त्र म्हणत नाही. एवढेच कळते की पैसा येत होता आणि भिंती तशाच होत्या. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत आणि मिळून मोजत. एक राजवाड्याचा माणूस, एक मंदिराचा. एकट्याने मोजायचे नाही.

आजचा पाठ खनिज तेल, वायू आणि खाणी यांच्या पैशाविषयी आहे. आपल्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपण ज्या बांधवांमध्ये सेवा करतो, त्यांच्यातल्या अनेकांच्या पायाखाली कोळसा आहे, लोखंड आहे. भात दरसाल पिकतो. डोंगर मात्र एकदाच विकला जातो, म्हणून त्याचा पैसा कुठे गेला हे वेळेवर विचारावे लागते.

हा प्रश्न जगापुढे आला तो आफ्रिकेतल्या अंगोला देशामुळे. तिथे १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. समुद्रातून तेल निघत होते, कंपन्या सरकारला पैसे देत होत्या, आणि लोक उपासमारीत होते. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ग्लोबल विटनेस या संस्थेने अहवाल काढून कंपन्यांना सांगितले, तुम्ही काय भरता ते जाहीर करा. २००१ साली बीपी या तेल कंपनीने तसे करायचे ठरवले. एका तेलक्षेत्रासाठी आपण ११ कोटी १० लाख डॉलर भरल्याचे तिने उघड केले. त्यावर अंगोलाच्या सरकारी तेल कंपनीने करार मोडण्याची धमकी दिली. बाकीच्या कंपन्या गप्प राहिल्या. पुढे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने नाणेनिधीच्या आकड्यांवरून दाखवून दिले की १९९७ ते २००२ या काळात अंगोलाच्या तिजोरीतल्या सुमारे ४२० कोटी डॉलरचा हिशेब लागत नव्हता.

एकट्याने खरे बोलणाऱ्याला बाहेर काढता येते, सर्वांना नाही. यातूनच २००२ मध्ये ‘पब्लिश व्हॉट यू पे’, म्हणजे ‘जे भरता ते जाहीर करा’, ही मोहीम सुरू झाली. तिची मागणी अशी की शेअर बाजारात असलेल्या प्रत्येक तेल आणि खाण कंपनीला कायद्यानेच हे बंधन असावे. ती सुरू करणाऱ्यांत ऑक्सफॅम, सेव्ह द चिल्ड्रन यांच्याबरोबर काफॉड ही इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथलिक मंडळीची मदतसंस्थाही होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ईआयटीआय या नावाने ओळखला जाणारा उपक्रम मांडला. त्याची पद्धत ऐकून मला लगेच यहोयादाची पेटी आठवली. कंपनी काय दिले ते लिहिते, सरकार काय मिळाले ते लिहिते, दोन्ही वह्या तिसरा माणूस ताडून पाहतो आणि फरक निघाला तर तो छापतो. आज पन्नासहून अधिक देश यात आहेत. भारत त्यात नाही.

मंडळीने याची किंमतही मोजली आहे. काँगो-ब्राझाव्हिल या देशात २००२ साली कॅथलिक बिशपांनी तेलाच्या पैशाचा हिशेब मागितला. तिथल्या प्वांत-न्वार या तेलबंदरातल्या धर्मप्रांताच्या न्याय व शांती आयोगाचे ब्रिस माकोसो आणि त्यांचे सहकारी क्रिस्टियान मुन्झेओ हे मोहिमेचे काम करत. एप्रिल २००६ मध्ये दोघांना अटक झाली. आरोप काय, तर संस्थेच्या पैशात अफरातफर! हिशेब मागणाऱ्यावरच हिशेबाचा आरोप. डिसेंबरमध्ये दोघांना शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली गेली. जगभरातून त्यांच्या बाजूने आवाज उठला होता. इथे पौलाची आठवण होते. यरुशलेमातल्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला, म्हणजे प्रभूपुढेच नव्हे, तर माणसांपुढेही बोलायला जागा राहू नये. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. (आपल्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचायला घेतला की निम्मी मंडळी चहाकडे वळते, हेही सांगून ठेवते.)

अभ्यासगटात कोणीतरी पंधरावे वचन नक्की काढेल. मजुरांना पैसे वाटणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ती माणसे प्रामाणिक होती, असा त्याचा आशय आहे. मग विश्वास ठेवावा, हिशेब कशाला? पण क्रम पाहा. हा विश्वास पेटी उघड्यावर आल्यानंतरचा, दोघांनी मोजल्यानंतरचा आहे. त्याआधीच्या तेवीस वर्षांतही विश्वासच होता, आणि मंदिर पडत होते.

कायद्याची वाट मात्र वाकडी निघाली. अमेरिकेने २०१० मध्ये असा कायदा केला. तेल कंपन्यांची संघटना कोर्टात गेली, नियम रद्द झाले, नवे आले, आणि २०१७ मध्ये तिथल्या काँग्रेसने तेही मोडून काढले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये टिकाऊ नियम केला. तेल, वायू, खाणी आणि मूळ जंगलातली लाकूडतोड करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एक लाख युरो किंवा त्याहून जास्त भरणा प्रत्येक देशाप्रमाणे आणि प्रत्येक प्रकल्पाप्रमाणे जाहीर करायचा.

आता आपल्याकडे. जानेवारी २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणवाला सरकारला जे स्वामित्वधन भरतो त्याखेरीज त्याला या निधीत भर घालावी लागते. पट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा असेल तर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावात मिळालेला असेल तर १० टक्के. म्हणजे जुन्या खाणीने शंभर रुपये स्वामित्वधन भरले तर तीस रुपये निधीत यायला हवेत. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी आहे. पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात प्राधान्य आहे. जमा आणि खर्च संकेतस्थळावर टाकायचा आहे, दरवर्षी लेखापरीक्षण करायचे आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी घ्यायची आहे.

कागदावर पेटी वेदीजवळ ठेवलेली आहे. पण चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात किंवा एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पायथ्याशी राहणाऱ्या माडिया आजीला ती दिसते का? संकेतस्थळ तिच्या उपयोगाचे नाही. तिला हे कोणीतरी तिच्या भाषेत, ग्रामसभेत वाचून दाखवायला हवे, आणि ते काम आपल्या मंडळीतली शिकलेली तरुण मुले करू शकतात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फुकट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळे एकदम विचारू नये. एका अर्जात अमुक खाणीने गेल्या आर्थिक वर्षात किती स्वामित्वधन भरले हे विचारावे. दुसऱ्यात त्याच वर्षी त्याच खाणीकडून निधीत किती जमा झाले ते. तिसऱ्यात आपल्या गावावर काय खर्च झाले आणि मंजुरीच्या ठरावाची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. पहिली दोन उत्तरे शेजारी ठेवून मुलांनी टक्केवारी काढावी, आकडे फळ्यावर लिहावेत, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्यांची नोंद करून घ्यावी. अर्ज एकट्याच्या नावाने नको, गावातल्या तिघाचौघांनी मिळून द्यावेत.