नाणेघाटाची भिंत आणि माझें नांव



इतिहास म्हटला कीं तो पुण्यास, दिल्लीस अथवा मुंबईस घडला, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. शहापूर-मुरबाडकडील डोंगरांत व शेतांत वाढलेल्या मुलास आपल्या उंबऱ्याशीं जुनें असें कांहीं असेल, ही कल्पनाच नसते. लहानपणीं माझीही समजूत अशीच होती. ती कशी मोडली, हें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवापासून नाणेघाटाची चढण लागते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सोपारा व कल्याण येथील बंदरांत उतरलेला माल याच वाटेनें जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यांत टाकीत, अशी लोकांत परंपरा आहे. जवळच एक लेणें असून त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत लेख कोरलेला आहे. सातवाहन घराण्यांतील राणी नागनिका हिचा म्हणून तो प्रसिद्ध आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नांवाचीं नाणीं यांची त्यांत मोजदाद आहे. ह्या संख्या अंकांनीं लिहिलेल्या असून भारतीय अंकांच्या जुन्यांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. त्यांत शून्य नाहीं. शंभरास व हजारास निराळींच चिन्हें आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हा लेख परिश्रमपूर्वक वाचला.

मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णि, नागनिका वगैरे राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज त्या नष्ट झाल्या आहेत. पायांच्या कांहीं खुणा व वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत.

शाळेच्या सहलींत मीं प्रथम तेथें गेलों, तेव्हां बारा वर्षांचा होतों. इतरांचीं नांवें भिंतीवर दिसलीं, म्हणून मींही एक अणकुचीदार दगड उचलून आपलें नांव खरवडूं लागलों. दोन अक्षरें झालीं असतील, तोंच आमच्या गुरुजींनीं माझा हात धरला. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "बाळ, तुझ्या अक्षराखालीं कोणाचें अक्षर होतें, तें पाहिलेंस का?" मीं पाहिलें नव्हतें. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नाहीं. पुस्तक फाटलें तर दुसरी प्रत मिळते. शिळेवरील अक्षर एकदां गेलें म्हणजे गेलें.

शहापूरकरांनीं माहुलीकडे पाहावें. आसनगांव स्टेशनांतून दिसणारा हा गड पळसगड, माहुली व भंडारगड अशा तीन भागांचा आहे. निजामशाहीच्या अखेरीस, इ. स. 1636 मध्यें, शहाजीराजांनीं बाल निजामशहासह येथेंच आश्रय घेतला होता. 1665 च्या पुरंदरच्या तहानें गड मोगलांकडे गेला व 1670 त मराठ्यांनीं तो परत घेतला. त्याच गडाच्या पायथ्याजवळून 1860 सालीं आगगाडी आसनगांवीं पोहोंचली. आज गाडींतून जाणारे किती जण मान वर करून गडाकडे पाहतात?

आतां तुम्हांस एक अभ्यास सांगतों. या सुटींत आपल्या गांवांतील जुनी विहीर, वाडा, देऊळ, पार किंवा धर्मशाळा यांपैकीं एक वास्तु निवडा. तिची लांबीरुंदी मोजा. लेख असल्यास हात न लावतां जसाच्या तसा उतरून घ्या. घरांतील आजीआजोबांस तिजविषयीं विचारा. ऐकीव गोष्ट कोणती व डोळ्यांनीं पाहिलेली कोणती, हें वहींत निरनिराळें लिहा. पालकांसही विनंति कीं, त्यांनीं मुलांबरोबर एक दिवस यासाठीं काढावा. कारण म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी शिळेवर कोरलेल्या नसतात.

आणि नांव लिहावयाचेंच असेल, तर तें त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तेथें तें शोभेल.